माळ्यावरचा कॅमेरा आणि आपले हवापाणी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

फिल्मच्या कॅमेऱ्यांकडे तरुण मुले पुन्हा वळली आहेत. पेंटॅक्सने २०२४ साली ‘पेंटॅक्स १७’ हा संपूर्ण नवा फिल्म-कॅमेरा बाजारात आणला. त्याच्या आदल्या वर्षाअखेरीस इंग्लंडच्या हार्मन कंपनीने ‘फीनिक्स’ ही नवी रंगीत फिल्म काढली. आपल्याकडे मात्र घराघरांतल्या माळ्यांवरचे याशिका, पेंटॅक्स आणि आग्फा क्लिक अजूनही भंगारात तरी जातात, नाहीतर एखाद्या कॅफेच्या भिंतीवर शोभेला लागतात. चालू शकणाऱ्या यंत्राची अशी शोभेची वस्तू झालेली मला पाहवत नाही. त्याहून वाईट म्हणजे जे उत्साहाने कॅमेरा चालवायला घेतात, त्यांचे पहिले काही रोल वाया जातात आणि छंद तिथेच संपतो. यात दोष त्या मुलांचा नाही. रोल धुण्याची, म्हणजे रसायनांनी त्यावरचे चित्र उमटवण्याची, जी माहिती सगळीकडे मिळते ती थंड देशांत लिहिलेली असते. नळाला २० अंशांचे पाणी येते, हवा कोरडी असते, पाणी मऊ आणि मुबलक असते, हे तिथे गृहीतच धरलेले. नागपूरचा मे महिना, रत्नागिरीचा जुलै आणि लातूरच्या बोअरचे पाणी त्या माहितीत कुठेच नाही. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी कॅमेरा तपासू. पुण्यातल्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात कॅमेरा हातात घेतला, की फिल्म नसल्याची खात्री करून मागचे झाकण उघडावे. शटर ‘बी’वर ठेवून बटण दाबून धरावे, म्हणजे शटर उघडे राहते, आणि मोबाइलचा टॉर्च लेन्सवर तिरका मारून आत पाहावे. सरळ प्रकाशात बुरशी दिसत नाही. तिरक्या प्रकाशात ती कोळ्याच्या जाळ्यासारखी उठून दिसते. अ‍ॅपर्चर १६ वर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र लहान करून, ते छिद्र मिटवणारी पाती पाहावीत. ती कोरडी असली पाहिजेत आणि झटकन मिटली पाहिजेत. पात्यांवर तेलाची चमक दिसली तर ती आळसावलेली आहेत असे समजावे. मग शटर १ सेकंदावर ठेवून कानाने ऐकावे. जुन्या लीफ शटरमध्ये, म्हणजे लेन्समध्येच पात्यांचे शटर असलेल्या याशिकामॅटसारख्या कॅमेऱ्यांत, घट्ट झालेल्या ग्रीसमुळे हा सेकंद दीड-दोन सेकंदांचा होतो किंवा शटर मध्येच अडकते.

नेमके मोजायचे तर मोबाइलवर २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ उघड्या झाकणातून घ्यावा आणि शटर किती फ्रेम उघडे दिसते ते मोजावे. १/१५ ला १६ फ्रेम, १/३० ला ८, १/६० ला ४. त्यापुढच्या वेगांना ही पद्धत पुरत नाही. मंद शटर म्हणजे जास्त प्रकाश, आणि निगेटिव्ह फिल्म जास्तीचा एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, प्रकाश सहज पचवते. त्यामुळे १/३० चा १/२० झाला म्हणून कॅमेरा टाकू नये, वेग लक्षात ठेवून वापरावा. अडकलेले शटर मात्र साफ करून घ्यावे लागते. एक गोष्ट कळकळीने सांगतो. शटर अडकले म्हणून त्यात शिवणयंत्राचे तेल सोडू नका. लीफ शटरची पाती पूर्ण कोरडीच चालतात. तेलाचा एक थेंब पात्यांवर पसरला की ती एकमेकांना चिकटतात, आणि जे काम एका सफाईत झाले असते त्यासाठी सगळे शटर खोलावे लागते.

पेंटॅक्स के-१००० सारख्या एसएलआरमध्ये, म्हणजे लेन्समधूनच आरशाने चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, शटरचे कापडी पडदे असतात. अंधाऱ्या खोलीत लेन्स काढून, आरसा वर धरून, पुढून टॉर्च मारावा आणि मागून पडदा पाहावा. टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असले तरी प्रत्येक फोटोत त्याच जागी पांढरा ठिपका येतो. लेन्स उघडी ठेवून कॅमेरा उन्हात टेबलावर पडून राहिला, की आरसा नसलेल्या झोर्की-फेडसारख्या कॅमेऱ्यांत लेन्स भिंगाचे काम करते आणि पडदा जळतो. छिद्रे अशीही पडतात.

झाकणाच्या खाचांतला काळा स्पंज बहुतेक सगळ्या जुन्या कॅमेऱ्यांत विरघळून डांबरासारखा चिकट झालेला असतो. फोटोच्या कडेला नारिंगी किंवा पांढरे ओघळ येतात ते इथून शिरलेल्या प्रकाशाचे. दुरुस्ती घरची आहे. आइसक्रीमची लाकडी काडी तासून, तिला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापूस गुंडाळून सगळा चिकटा काढावा. खालचा रंग खरवडू नये. खाचांत काळी लोकर दाबून बसवली तरी चालते. बिजागरीच्या बाजूला दीड ते दोन मिलिमीटर जाडीची काळी फोमची पट्टी लावावी. आरशाच्या वरची फोमची पट्टीही बदलावी, नाहीतर आरसा तिला चिकटून वरच राहतो. साफ करताना विरघळलेला फोम आरशाच्या वरच्या फोकसिंग स्क्रीनवर, म्हणजे चित्र दिसते त्या काचेवर, पडू देऊ नका, तो तिथून निघत नाही.

आता सेल. १९६०-७०च्या दशकांतल्या पुष्कळ कॅमेऱ्यांचा लाइटमीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चाले, जसे याशिकामॅट १२४जी. पाऱ्याचे सेल आता मिळत नाहीत. त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की मीटर चुकते, आणि सेल उतरत जाईल तसे वेगवेगळे चुकते. यावर सोपा उपाय कानाच्या मशीनच्या दुकानात मिळतो. तिथला ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल सुमारे १.४ व्होल्ट देतो आणि शेवटपर्यंत स्थिर राहतो. आकाराने तो लहान असतो, म्हणून भोवती रबरी वॉशर बसवावा. वरचा स्टिकर काढल्यावर काही महिन्यांत तो वाळून संपतो, पण स्वस्त आहे. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकचे सर्किट असे आहे की त्याला व्होल्टेजमधला एवढा फरक बाधत नाही. के-१००० ला साधा एलआर४४ चालतो, मात्र त्याच्या मीटरला बंद करायचे बटणच नाही. लेन्सवर झाकण लावणे हेच त्याचे बंद करणे. झाकण हरवलेल्या के-१००० चा सेल सारखा का उतरतो, त्याचे उत्तर हे आहे. याशिका इलेक्ट्रो ३५ सेलशिवाय फक्त १/५०० वर चालतो आणि कॅनन एई-१ सेलशिवाय अजिबात चालत नाही. पूर्ण यांत्रिक कॅमेरा हवा असेल तर के-१००० किंवा निकॉन एफएम२ घ्यावा. त्यांत सेल फक्त मीटरसाठी लागतो आणि मीटरचे काम मोबाइलवरचे मोफत अ‍ॅपही चोख करते.

नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या कोडॅक केबी१० सारख्या फ्लॅशच्या कॅमेऱ्यांबद्दल एक इशारा. मुले ते कुतूहलाने खोलतात. फ्लॅशच्या कॅपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा दाब असतो आणि सेल काढल्यावरही तो बराच वेळ टिकतो. हा झटका गंभीर असतो. असे कॅमेरे उघडू नयेत.

लेन्सवरची बुरशी हा कोकण, मुंबई आणि गोव्याचा खास शत्रू. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. तिचे आम्ल काचेवरचे कोटिंग खाते आणि मग बुरशी पुसली तरी तिचा ठसा राहतो. कॅमेऱ्यासोबत आलेले कातडी कव्हर दिसायला देखणे असते, पण ते ओल धरून ठेवते. कॅमेरा त्यात ठेवू नये. रबरी कडेचा हवाबंद डबा, आत निळ्या सिलिका जेलची पुडी आणि छोटा हायग्रोमीटर एवढे पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. जेल गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवावे. डब्यात तांदूळ टाकण्याचा सल्ला ऐकू नका. तांदूळ ओल फार कमी शोषतो आणि त्याचे पीठ लेन्सच्या कड्यांत जाते. वापर हा त्याहून मोठा उपाय आहे. दर पंधरवड्याला कॅमेरा बाहेर काढून सगळ्या वेगांवर शटर मारले, फोकसचे कडे फिरवले, तर ग्रीसही मोकळे राहते आणि हवाही खेळते.

रोल भरण्यातली सगळ्यात मोठी चूक कॅमेऱ्याची नसते. फिल्मची जीभ उजवीकडच्या स्पूलमध्ये नीट अडकत नाही, झाकण बंद होते, ३६ फोटो काढून होतात आणि फिल्म जागची हललेलीच नसते. झाकण लावल्यावर डावीकडची रिवाइंडची कळ हलकेच फिरवून ढिली फिल्म ताणून घ्यावी. मग फिल्म पुढे नेताना ती कळ उलटी फिरताना दिसली पाहिजे. ती फिरत नसेल तर फिल्म सरकत नाही. शेवटच्या फोटोला लिव्हर अडली की जोर लावू नये, नाहीतर फिल्मच्या कडेची भोके फाटतात. तळाचे बटण दाबूनच रिवाइंड करावे. आग्फा क्लिक आणि तत्सम १२० क्रमांकाच्या रुंद फिल्मच्या पेटीकॅमेऱ्यांत मागे लाल काचेची खिडकी असते. ती जुन्या, लाल प्रकाश न जाणणाऱ्या फिल्मसाठी होती. आजची कृष्णधवल फिल्म लाल प्रकाशही टिपते. म्हणून खिडकीवर काळी चिकटपट्टी लावावी, फक्त फिल्म सरकवताना सावलीत ती उचलून आकडा पाहावा आणि पुन्हा लावावी.

मीटरशिवाय अंदाज करायचा तर नियम साधा आहे. स्वच्छ उन्हात अ‍ॅपर्चर १६ आणि शटर फिल्मच्या आयएसओइतके (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा), म्हणजे ४०० च्या फिल्मला १/५००. पातळ ढगांत ११, दाट पावसाळी आभाळाखाली ५.६ ते ४. आपल्याकडे दुपारी बाराचे ऊन डोक्यावर असते आणि चेहऱ्यावर, डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात. माणसांचे फोटो घ्यायचे तर त्या उन्हातही एक ते दीड स्टॉप जास्त द्यावा. निगेटिव्हमध्ये सावलीतला तपशील पहिल्यांदाच आला नाही तर नंतर कोणत्याही उपायाने येत नाही. उजेडातला जास्तीचा तपशील प्रिंट काढताना सावरता येतो. डिजिटलची सवय याच्या बरोबर उलटी असते, म्हणून नवशिक्यांचे रोल बहुधा पातळ, म्हणजे कमी प्रकाशाचे निघतात.

फिल्म विकत घेतानाही पाहून घ्यावे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ आता राहिली नाही. आज इलफर्ड, कोडॅक, फोमा अशा परदेशी फिल्म येतात आणि महाग पडतात. म्हणून सिनेमाची फिल्म कापून डबीत भरलेले रोल पुष्कळ खपतात. त्यांतल्या काहींच्या पाठीला काळा रेमजेटचा थर असतो. असा रोल नेहमीच्या रंगीत लॅबमध्ये न सांगता दिला, तर तो थर सुटून लॅबचे रसायन आणि त्या दिवशीचे इतरांचे रोल खराब करतो. दुकानदाराला आधी विचारावे आणि लॅबला आधी सांगावे. रंगीत रोल लॅबमध्येच द्यावा हे माझे मत आहे. तिथे डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन, जवळजवळ ३८ अंशांवर, अर्ध्या अंशाचाही फरक न होता, सव्वातीन मिनिटे लागतो. कृष्णधवल रोल मात्र घरीच धुवावा, आणि लॅबमध्ये दिलेल्या प्रत्येक रोलची निगेटिव्ह परत मागून घ्यावी. स्कॅन मिळाले की निगेटिव्ह टाकून देणारी दुकाने आहेत आणि ती टाकू देणारी गिऱ्हाइकेही आहेत.

आता धुण्याकडे येतो, कारण आपल्या हवेचा खरा संबंध इथे येतो. ३५ मिमीच्या एका रोलला पॅटरसन टँकमध्ये, म्हणजे प्रकाश न शिरणाऱ्या झाकणबंद डब्यात, २९० मिली द्रव लागतो, सोयीसाठी ३०० घ्यावा. १२० च्या रोलला ५०० मिली. रोल अंधारात टँकमधल्या रीळवर चढवायचा. रीळ हाडासारखे कोरडे हवे. किंचित ओल असली तरी फिल्म अर्ध्यात अडकते. दमट हवेत चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे बाह्या असलेल्या प्रकाशबंद पिशवीत, हात घातले की दोन-तीन मिनिटांत घाम सुटतो आणि बॅगेच्या आतली हवाच ओली होते. म्हणून पावसाळ्यात बॅगेऐवजी खिडकी नसलेल्या मोकळ्या खोलीत, रात्री, दाराच्या फटी बुजवून काम करावे. अडकलेली फिल्म ओढू नये. ती सैल सोडून टँकमध्ये तशीच ठेवावी, झाकण लावावे, हात पुसावे, खोली गार होऊ द्यावी आणि मग पुन्हा प्रयत्न करावा.

डेव्हलपर म्हणून डी-७६ सर्वांत समजूतदार. तयार पाकीट न मिळाल्यास रसायनांच्या दुकानातून घरी करता येतो: ५२ अंशांच्या ७५० मिली डिस्टिल्ड पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, याच क्रमाने, आणि शेवटी पाणी घालून १ लिटर. अपवाद एकच: आधी सल्फाइटची फक्त चिमूट टाकावी, मग मेटॉल पूर्ण विरघळवावे, मग उरलेले सल्फाइट. सगळे सल्फाइट आधी टाकले तर मेटॉल विरघळतच नाही. मेटॉलने काहींच्या त्वचेला खाज-पुरळ उठते, हातमोजे घालावेत. आणि या कामाची भांडी, चमचे, काटा कधीही पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत. भरलेल्या, घट्ट बुचाच्या बाटलीत हे सहा महिने टिकते. अर्ध्या बाटलीत हवेमुळे दोनच महिने. द्रव तपकिरी झाला की टाकून द्यावा.

इलफर्ड एचपी५ या कृष्णधवल फिल्मला हा डेव्हलपर पाणी न मिसळता २० अंशांवर साडेसात मिनिटे लागतो. उन्हाळ्यात तोच २८ अंशांवर असला तर वेळ चार मिनिटांच्याही खाली येतो. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळात फिल्म सगळीकडे सारखी धुतली जात नाही, आकाशात पट्टे येतात. म्हणून दोन गोष्टी कराव्यात. पहिली, डेव्हलपरमध्ये तितकेच पाणी मिसळावे, म्हणजे १५० मिली अधिक १५० मिली. २० अंशांवर त्याची वेळ ११ मिनिटे होते. दुसरी, २० अंशांचा हट्ट सोडून २४ अंश धरावेत. तिथे वेळ साधारण पावणेआठ मिनिटे येते, म्हणजे सुरक्षित. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातले पाणी २४ अंशांच्या आसपास सहज मिळते. कोकणात माठ तेवढा गार होत नाही, कारण दमट हवेत पाणी उडत नाही. तिथे प्लास्टिकच्या टबात पाणी घ्यावे, पिशवीत बांधलेला बर्फ त्यात सोडावा आणि सगळ्या बाटल्या त्या टबात उभ्या कराव्यात. बर्फ थेट रसायनात टाकू नये, प्रमाण बिघडते. आणि फक्त डेव्हलपर गार करून भागत नाही. स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारा आम्लाचा द्रव), हायपो (चित्र कायम करणारा द्रव) आणि धुण्याचे पाणी सगळे एकाच तापमानाला हवे. २४ अंशांच्या डेव्हलपरमधून फिल्म गच्चीवरच्या टाकीच्या ३८ अंशांच्या पाण्यात गेली, तर जिलेटिन फुगते, मऊ होते आणि बोट लागले तरी ओरखडा उठतो.

डेव्हलपर ओतल्यावर पहिल्या दहा सेकंदांत टँक चार वेळा उलटा-सुलटा करावा, तळ ओट्यावर दोनदा आपटून बुडबुडे काढावेत आणि पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला तेवढेच करावे. सारखे हलवत बसू नये. वेगाने वाहणारा द्रव भोकांतून जाताना कडेला गडद ओघळ काढतो. नंतर दहा सेकंद स्टॉप बाथ. किराणा दुकानातले पांढरे व्हिनेगर एक भाग आणि पाणी तीन भाग चालते. मग हायपो. साधा आम्लयुक्त हायपो असा: सोडियम थायोसल्फेट २४० ग्रॅम, सोडियम सल्फाइट १० ग्रॅम, सोडियम मेटाबायसल्फाइट २५ ग्रॅम, पाणी १ लिटरपर्यंत. थायोसल्फेटचे खडे विरघळताना पाणी झपाट्याने गार होते, म्हणून कोमट पाण्यातच सुरुवात करावी. मेटाबायसल्फाइट मात्र द्रव निवल्यावरच टाकावे, गरमात गंधक बाहेर पडून द्रव दुधाळ होतो. किती वेळ ठेवायचे हे फिल्मलाच विचारून ठरवावे. रोलची कापलेली जीभ उजेडात हायपोत बुडवावी, ती पारदर्शक व्हायला लागलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ रोल ठेवावा. ताज्या हायपोच्या मानाने जीभ स्वच्छ व्हायला दुप्पट वेळ लागू लागला की हायपो संपला. त्या हायपोत चांदी असते. तो गटारात ओतू नये, बादलीत स्टील वूल टाकून काही दिवस ठेवला की चांदी त्यावर बसते.

पाण्याबद्दल. नळाखाली रोल अर्धा तास धरण्याची जुनी पद्धत आपल्याकडच्या उन्हाळ्यात अक्षम्य आहे, आणि गरजेचीही नाही. इलफर्डने सांगितलेली पद्धत अशी: टँक पाण्याने भरून पाच वेळा उलटावा, पाणी फेकावे. पुन्हा भरून दहा वेळा. पुन्हा भरून वीस वेळा. संपले. एका रोलला ९०० मिली पाणी. तुरटीसारखे कडक करणारे द्रव्य हायपोत घातलेले नसेल तर एवढे पुरते. शेवटचे बुडवणे मात्र डिस्टिल्ड पाण्यात, वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता ओघळून जावे म्हणून घालायच्या द्रवाचे) एक-दोन थेंब टाकून. बोअरच्या पाण्याने शेवट केला तर वाळल्यावर चुन्याचे पांढरे डाग राहतात आणि ते स्कॅनमध्ये दिसतात. रोल न्हाणीघरात, दार लावून, खाली चिमटा अडकवून टांगावा. पंखा लावू नये, तो सगळ्या घराची धूळ ओल्या जिलेटिनवर आणून बसवतो. पावसाळ्यात वाळायला रात्र लागते, लागू द्यावी.

वाळलेली निगेटिव्ह वाचायला शिकले की पुढच्या रोलची चूक टळते. कडेचे आकडे गडद आहेत पण चौकटी फिक्या, तर कॅमेऱ्यात प्रकाश कमी पडला. आकडेही फिके, तर डेव्हलपर कमी पडला किंवा गारठला. आकडे गडद आणि मध्ये एकही चित्र नाही, तर फिल्म सरकलीच नव्हती. आकडेही नाहीत आणि सगळी फिल्म काचेसारखी, तर हायपो आधी ओतला गेला किंवा डेव्हलपर मेलेला होता. दुधाळ किंवा जांभळट झाक म्हणजे हायपो अपुरा, तो पुन्हा दिला तर सुधारते. अर्धचंद्रासारखे काळे डाग म्हणजे रीळवर चढवताना फिल्मला पडलेली घडी. हे निदान कोणतेही अ‍ॅप करत नाही, आणि या छंदातला माझ्या मते सर्वांत मोठा आनंद इथे आहे. प्रत्येक परिणामाला हात लावता येईल असे कारण असते.

कॉफीने रोल धुण्याचे प्रयोग मुलांना आवडतात. लिटरला निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्व १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, २० अंशांवर १५ मिनिटे. सोडा खड्यांचा असेल तर त्यात पाणीच जास्त असते, वजन २.७ पट घ्यावे. चिकोरी मिसळलेली कॉफी टाळावी. शाळेत दाखवायला हे उत्तम, पण लग्नाचा रोल असा धुवू नये.

शेवटी, संपादक महाशय, एक विनंती खास आपल्याला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या कार्यकर्त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. इतका जुना वारसा असलेल्या या प्रांतात विसाव्या शतकाचे चित्रण कुठे असेल, तर ते वृत्तपत्रांच्या आणि गावोगावच्या स्टुडिओंच्या निगेटिव्हच्या कपाटांत. त्या बहुतेक अ‍ॅसिटेट या प्लास्टिकच्या फिल्मवर आहेत. अ‍ॅसिटेट ओल आणि उष्णतेने कुजते, त्यातून सुटणारे आम्ल पुढची कूज वाढवते आणि कपाट उघडले की व्हिनेगरचा वास येतो. फोटो-फिल्म किती टिकतात याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ही कूज सुरू व्हायला सुमारे ४० वर्षे लागतात. आपल्या हवेत त्याहून बरीच कमी. म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या निगेटिव्हची मुदत उलटून गेली आहे.

आपल्या दैनिकाकडे अशी कपाटे असतील तर ती एकदा उघडून पाहावीत, आणि जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या बंद झालेल्या स्टुडिओंच्या मालकांनाही तसे आवाहन करावे. ज्या पाकिटांना आंबट वास येतो ती ताबडतोब वेगळी करावीत, कारण वाफ शेजारच्या निगेटिव्हलाही बाधते. त्यांचेच स्कॅनिंग सर्वांत आधी करावे. वास येत नसला तरी आम्ल ओळखणाऱ्या ए-डी पट्ट्या ठेवून पाहाव्यात. निळी पट्टी हिरवी किंवा पिवळी झाली की आम्ल सुटू लागले आहे. पीव्हीसीच्या अल्बमांतून निगेटिव्ह काढून पॉलिप्रॉपिलिनच्या किंवा आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत घालाव्यात. गार, कोरड्या, वातानुकूलित खोलीत, जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवाव्यात. १९५० च्या आधीच्या फिल्म सापडल्यास त्या नायट्रेटच्या असू शकतात. त्या झटकन पेट घेतात, त्या बाकीच्यांत मिसळू नयेत आणि जाणकाराला दाखवाव्यात. जुन्या पाकिटावर लिहिलेली तारीख, गाव आणि प्रसंग नव्या पाकिटावर उतरवून घ्यायला विसरू नये. ते पेन्सिलीने, आणि निगेटिव्ह आत घालण्यापूर्वी लिहावे, म्हणजे लिहिण्याचा दाब फिल्मवर उमटत नाही.

आपला,
एक वाचक, पुणे